अठ्ठेचाळीस माझे

"यात मोटर आहे," सासरे म्हणाले,
दुधात पाणी आहे म्हणावं, त्या आवाजात.
पंचाहत्तरीला मुलानं घेतलेली सायकल
तीन आठवडे गोठ्यात उभी, गोणपाट पांघरून.
गुडघा नवा बसवला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं:
रोज थोडं पेडल मारा.
थोडं म्हणजे किती, हे व्हिगिलना कोण सांगणार?
त्यांनी अख्खं खोरं निवडलं.

सोबतीला मी. कोर्बिनियनला दिवसपाळी,
शिवाय सुनेसमोर कुणी हट्टानं जीव काढत नाही,
असा त्याचा हिशेब. चुकला.

सहाला निघालो. खाली सफरचंदांच्या बागा,
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा रांगा,
त्यांच्यावर फवारे: टक टक टक टक, मग उलट फिरून झर्रर्र.
एकानं मला कमरेपर्यंत भिजवलं.
ते हसले.
दोन हिवाळे झाले होते ते ऐकून.

इथं प्रत्येक गावाला दोन नावं, एका पाटीवर,
वर जर्मन, खाली इटालियन.
ते तिसरंच सांगतात:
इथं चेन तुटली.
इथं आल्बुइन काट्यात पडला, उठला, तरी पहिला आला.
इथं पोस्टातली मुलगी पाणी द्यायची,
आणि एक पेला प्यायला अर्धा तास लागायचा.

नदी डाव्या हाताला, मग उजव्या,
मग नुसती ऐकू येणारी.
हिमनदीचं पाणी चित्रातल्यासारखं निळं नसतं,
चीज गाळल्यावर उरते ती निवळ असते, थोडी हिरवट.
"शून्य," ते दर वळणावर पडदा वाचून दाखवत.
मोटर शून्य. गुडघा एक. छातीचा भाता चालू.

लार्चची झाडं लागली तिथं पाटी: चढ, चौदा टक्के.
मी लाज सोडून बटण दाबलं
आणि पाठीवर कुणी हात ठेवावा तशी वर गेले.
वळणावरच्या क्रूसापाशी थांबले.
बुटाची नाडी सुटली नव्हती,
तरी वाकून बांधत बसले, बराच वेळ.

खालून आली बारीक गुणगुण,
डब्यात अडकलेल्या मधमाशीसारखी.
मग ते: ताठ, नजर शिखरावर,
अंगठा नको तिथं.
"वारा पाठीमागून आहे," जाता जाता म्हणाले.
वारा समोरून होता.
माझ्या डोळ्यांत पाणी आणत होता.

वर कुरणात क्रेसेन्झची झोपडी, एक खोली, एक सॉकेट.
"आधी लोणी," ती म्हणाली. "मग गाईंचं दूध. मग तुमचं ते."
सायकलींचा नंबर सतरा गाईंनंतर.
रश्शात बुडालेले पावाचे गोळे खाल्ले.
मग नव्या गुडघ्यानिशी त्यांनी शेण ओढलं, कुणी न सांगता,
आणि मी गवतात पडून पाहिलं
समोरच्या डोंगराची सावली
एकेक कुंपण ओलांडून कशी येते,
घाई नाही, पण थांबतही नाही.

"आल्बुइन असता तर थुंकला असता या सायकलवर," ते म्हणाले.
फावडं टेकवलं. घंटा वाजत होत्या, एक गाय खोकली.
"आणि मग फेरी मारायला मागितली असती."

उतारावर सगळ्यांचा वेग सारखा, दगडाचा.
ब्रेकचा जळका वास, ओल्या गवताचा थंडावा,
कपाळावर आपटून मेलेले किडे,
आणि पुढं त्यांचं जाकीट, फुगलेलं,
आतला माणूस दिसत नव्हता,
फक्त आरोळी ऐकू येत होती, शब्द नसलेली.

गोठ्यात पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते.
पडदा वाचला त्यांनी, चष्मा न लावता, हात लांब धरून:
"एकसष्ट किलोमीटर."
थोडं थांबून, कोर्बिनियनला ऐकू जाईल असं:
"त्यातले अठ्ठेचाळीस माझे."

बॅटरीत सात टक्के होते.
मी त्यावर गोणपाट टाकलं.